‘त्यांच्याकडे असंच असतं’

माझ्या ऑनलाइन इंग्लिशच्या वर्गात एक जण होता, तो बोलायचाच नाही. म्हणजे होमवर्क वेळेवर, लिखाण उत्तम, टेस्टमध्ये कायम वरचे मार्क, पण मी प्रश्न विचारला की स्क्रीनवर नुसता बघत बसायचा आणि मग मीच ‘ओके, नो प्रॉब्लेम’ म्हणून पुढच्याकडे वळायचे. तो कुठल्या देशाचा होता ते मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ते वाचलं की तुम्ही लगेच ‘हां, मग बरोबर’ म्हणाल, आणि मी नेमकं तेच केलं होतं. शिक्षकांच्या मीटिंगमध्ये त्याचा विषय निघाला तेव्हा मी अगदी जाणकाराच्या थाटात सांगून टाकलं, अहो त्यांच्याकडे असंच असतं, शिक्षकांसमोर तोंड उघडणं म्हणजे उद्धटपणा समजतात, लहानपणापासून तसंच वळण असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही मनातून बरं वाटलं, की बघा, आपल्याला कल्चर वगैरे किती कळतं.

मग काही महिन्यांनी एका ट्रेनिंगसाठी स्वतःच्याच वर्गाचं रेकॉर्डिंग बघून त्यावर लिहायचं होतं. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच असते, आपण किती वेळा ‘राइट?’ म्हणतो ते मोजायची वेळ कुणावर येऊ नये. तर मी कंटाळून मोबाईलवरचं स्टॉपवॉच काढलं आणि प्रश्न विचारल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत किती वेळ जातो ते मोजायला लागले. त्याला प्रश्न विचारला, ‘व्हॉट वुड यू डू?’, आणि पुढचा आवाज माझाच, ‘ओके, नो प्रॉब्लेम.’ मधे एक सेकंद, जास्तीत जास्त सव्वा. मागे जाऊन परत बघितलं, आणि तेव्हा मला त्याच्या चौकोनाच्या कोपऱ्यातलं माईकचं छोटं चिन्ह दिसलं. मी ‘ओके’ म्हणाले आणि त्याच क्षणी त्याचा माईक सुरू झाला. मग माझं ‘नो प्रॉब्लेम’. मग माईक बंद. त्या एका तासात हे चार वेळा झालं होतं, चारही वेळा त्याने माईक उघडला होता आणि चारही वेळा मी पुढे निघून गेले होते.

त्यांच्याकडे असंच असतं म्हणे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून हीच गोष्ट मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि उत्तर आलं की पुन्हा एका सेकंदाच्या आतच त्यावर काहीतरी बोलून मोकळे होतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि जी मुलं कधी बोलत नाहीत तीही बोलायला लागतात. आणि हे स्वतःच्या भाषेत शिकणाऱ्या मुलांचं! दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवून, वर मॉडरेटर माईक म्यूट ठेवायला सांगतो म्हणून तो उघडून, मग बोलायचं असेल तर एका सेकंदात काय डोंबल होणार. ही माहिती मी बी.एड.ला वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती, त्यावर मार्कही मिळाले होते.

2009 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दहा भाषांतल्या रोजच्या गप्पांमध्ये हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर यायला किती वेळ लागतो याचा. सगळ्यांत झटपट जपानी निघाली, सरासरी जवळपास शून्यच, 7 मिलिसेकंद, आणि सगळ्यांत सावकाश डॅनिश, 469 मिलिसेकंद. म्हणजे दोन टोकांमधला फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मला यातली मजा अशी वाटते की ‘जपानी लोक गप्प असतात’ हे सगळ्या जगाला पाठ असतं आणि मोजायला गेलं तर सगळ्यांत पटकन उत्तर देणारे तेच. आणि दुसरं म्हणजे एवढा बारीकसा फरक घड्याळात दिसणार नाही पण कानाला बरोबर खटकतो, समोरच्याने नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला की आपल्याला वाटतं तो नाखूश आहे, किंवा त्याला कळलेलंच नाही, आणि त्याला वाटतं ही बाई बोलूच देत नाही. दोघांचंही ग्रामर बरोबर. दोघंही सभ्य. तरी संध्याकाळी दोघंही घरी जाऊन एकमेकांबद्दल वाईट बोलणार.

मी शिकवायला लागले तेव्हा ‘कल्चर’ म्हणजे पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी असलेलं एक रंगीत पान होतं. लंडनची लाल बस, राणीचे पहारेकरी, रांगेत उभं राहणं, हवेबद्दल बोलणं. वेळ उरला तर घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं, परीक्षेत त्यावर काही येत नाही. आणि बाकीच्या पुस्तकात काय असायचं, तर सुट्टीवर जाणारी, खरेदी करणारी, नवीन जॉब शोधणारी, कायम हसऱ्या चेहऱ्याची माणसं, जी कधी भांडत नाहीत, कधी कुणाचं कर्ज फेडत नाहीत, म्हातारी होत नाहीत. जगभर खपायची पुस्तकं अशीच निघतात त्याला कारण आहे. प्रकाशनाच्या धंद्यात ‘पार्स्निप’ नावाचा एक अलिखित नियमच आहे, सात इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून, की राजकारण, दारू, धर्म, सेक्स, ड्रग्ज, कुठलेही ‘इझम’ आणि डुकराचं मांस हे विषय पुस्तकात येऊ द्यायचे नाहीत, म्हणजे कुठल्याच देशात कुणाला आक्षेप नको. धंद्याच्या दृष्टीने ठीकच आहे. पण ज्यावरून माणसांचे खरे मतभेद होतात ते सगळंच गाळून उरलेल्यावर तुम्ही ‘इंटरकल्चरल’, म्हणजे दोन संस्कृतींमधलं, काय शिकवणार? बसचा रंग?

शिवाय कुणाचं कल्चर, हा प्रश्न आहेच. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी 1980च्या दशकात इंग्लिशची तीन वर्तुळं मांडली, ज्यांची ती मातृभाषा आहे ते देश आतल्या वर्तुळात, जिथे वसाहतीमुळे येऊन मुरली ते त्याच्या बाहेर, आणि जिथे परकी भाषा म्हणून शिकतात ते आणखी बाहेर. आज इंग्लिश मातृभाषा असणाऱ्यांपेक्षा नंतर शिकून बोलणारे कितीतरी जास्त आहेत. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचं इंग्लिश लंडनच्या माणसाशी बोलण्यात खर्च होणारच नाहीये, ते होणार आहे एकमेकांशी, म्हणजे दोघांचीही ती उसनी भाषा. तिथे चहाच्या वेळेचे शिष्टाचार पाठ करून काय उपयोग.

हे माझ्या डोक्यात नीट बसवलं भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांनी. त्यांचं पुस्तक 1997चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भाषा शिकणाऱ्यासमोर ‘नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे ती मातृभाषा असलेला माणूस, हा आदर्श ठेवायचाच कशाला, तो कधी गाठता येत नाही आणि गाठायची गरजही नसते. त्यापेक्षा दोन बाजूंमध्ये ये-जा करू शकणारा माणूस तयार करा. त्याला काय यायला हवं याची त्यांनी पाच अंगं सांगितली आहेत, आणि त्यातलं माहिती असणं हे फक्त एक. बाकीचं म्हणजे आपलीच पद्धत नॉर्मल आहे हा समज थोडा वेळ बाजूला ठेवता येणं, समोरच्या गोष्टीचा अर्थ लावता येणं, माहीत नसलेलं ऐन बोलता-बोलता शोधून काढता येणं, आणि स्वतःच्या समाजाकडेही चिकित्सक नजरेने बघता येणं. मी इतकी वर्षं पाचातलं एकच शिकवत होते, तेही धड्याच्या शेवटी, वेळ उरला तर. कुणाला भाषा किती येते हे ठरवायची युरोपची जी भाषा-चौकट आहे, तिची 2020ची जी पुरवणी आली तिच्यातूनही नेटिव्ह स्पीकरचे उल्लेख काढून टाकलेत, त्यामुळे निदान कागदावर तरी हा वाद मिटलाय. जाहिरातींमध्ये मात्र ‘लर्न फ्रॉम नेटिव्ह स्पीकर्स’ जोरात चालू आहे, आणि माझ्यासारखीला पहिल्या तासाला अजून कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम तुम्ही मूळच्या कुठल्या.

आता ईमेलची गोष्ट. एका विद्यार्थिनीने मला लिहिलं होतं, ‘यू मस्ट चेक माय एसे टुनाइट.’ स्पेलिंग बरोबर, ग्रामर बरोबर, फुलस्टॉपसुद्धा जागेवर. आणि मला असा राग आला म्हणता! हिची मी नोकर आहे का? दोन तास मी मनातल्या मनात उत्तरं लिहीत होते. मग लक्षात आलं की गेल्याच आठवड्यात ‘मस्ट म्हणजे खूप महत्त्वाचं, गरजेचं’ असं मीच फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि तिच्यासाठी ते खरंच महत्त्वाचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी निबंध पाठवायचा होता बिचारीला.

भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी 1983मध्ये यावर एक निबंध लिहिला, त्यातला मुद्दा मला फार पटतो. व्याकरण चुकलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, याला भाषा नीट येत नाही, आणि तो सांभाळून घेतो. पण व्याकरण चांगलं असताना बोलायची रीत चुकली तर भाषा कच्ची आहे असं कुणाला वाटतच नाही, माणूस उद्धट आहे असं वाटतं. म्हणजे तुमचं इंग्लिश जितकं सुधारेल तितकी ही चूक महाग पडत जाते. 1998मध्ये बार्डोवी-हार्लिग आणि डॉर्न्ये या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना छोटे व्हिडिओ दाखवून विचारलं, यात काय चुकलं आणि किती गंभीर आहे. हंगेरीत राहून इंग्लिश शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या, अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना रीतीच्या. ज्याला रोज त्या भाषेत राहायचं असतं त्याला बरोबर कळतं कुठे चटका बसतो. आणि हंगेरीतले शिक्षक? त्यांनाही व्याकरणच जास्त गंभीर वाटलं. आम्ही शिक्षक लोक तसेच, लाल पेन हातात असलं की ‘एस’ राहिलेला आधी दिसतो.

तर त्या मुलीला मी ‘कुड यू पॉसिबली’ शिकवायला बसले, आणि तिने मला विचारलं, तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात? मी मराठीत सांगायला गेले आणि अडकले. कारण आपल्याकडे त्या ‘प्लीज’च्या जागी शब्दच नाही, ‘कृपया’ आहे पण ते पाटीवर लिहायचं, तोंडाने कोण म्हणतं? आपलं सगळं काम क्रियापद करतं. बघ, बघ ना, बघशील का, बघा, बघता का जरा, बघाल का. तो ‘ना’ आणि तो ‘जरा’ काढून टाका, मग बघा वाक्य कसं अंगावर येतं. आणि हे मला कुणी कधी शिकवलेलं नाही, त्यामुळे मी ते कधी पाहिलेलंच नव्हतं. मी तिला सांगितलं, आमचा नम्रपणा शेपटीत असतो. ती म्हणाली, आमचा आवाजात असतो, म्हणून ईमेलमध्ये तो पडून जातो! हे इतकं सुंदर उत्तर होतं की मी तो तास तिथेच थांबवला आणि सगळ्यांना विचारत बसले, तुमच्याकडे नम्रपणा वाक्यात नेमका कुठे राहतो. त्या दिवसाचं शिकवायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून माझा एक नियम झालाय की आधी स्वतःचं बघायचं, मग दुसऱ्याचं. पण स्वतःचं दिसत नाही ना, तीच तर अडचण आहे. त्यासाठी मी एक जुनी युक्ती वापरते. हॉरेस मायनर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1956मध्ये एका जमातीच्या शरीरविधींवर लेख लिहिला होता, अगदी गंभीर शास्त्रीय भाषेत. त्या जमातीत प्रत्येक घरात एक किंवा जास्त देव्हारे असतात, देव्हाऱ्याच्या भिंतीत एक पेटी, पेटीत मंतरलेल्या वस्तू ठेवलेल्या, त्या इतक्या झालेल्या की कुठली कशासाठी हेच लोक विसरून जातात पण टाकत मात्र कुणी नाही. रोज डुकराच्या केसांची छोटी जुडी जादूच्या पावडरी लावून तोंडात घालायची आणि ठरलेल्या पद्धतीने फिरवायची. वर्षातून एक-दोनदा मुखविद्येच्या मांत्रिकाकडे जायचं, तो टोकदार हत्यारांनी दातांची भोकं मोठी करतो, आणि तरीही दात किडतच राहतात, आणि तरीही लोक दरवर्षी जातातच.

मी हे सोप्या इंग्लिशमध्ये करून वर्गात वाचायला देते आणि गप्प बसते. चेहरे बघण्यासारखे असतात. कुणी म्हणतं अंधश्रद्धा, कुणी म्हणतं बिचारे, कुणी म्हणतं कुणीतरी त्यांना शिकवायला पाहिजे. एकदा एक दंतवैद्य विद्यार्थिनी होती, तिने सगळ्यांत जास्त नाक मुरडलं. मग मी फळ्यावर जमातीचं नाव लिहिते, ‘नासिरेमा’, इंग्लिश अक्षरांत, Nacirema, आणि उलटं वाचायला सांगते. ‘अमेरिकन’! दोन-तीन सेकंद शांतता, आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, ओह, टूथब्रश. त्या दंतवैद्य बाई हसून हसून लाल झाल्या, म्हणजे मांत्रिक मीच की.

या धड्यानंतर ‘काय दिसलं’, ‘त्याचा अर्थ काय असेल’ आणि ‘मला ते कसं वाटलं’ हे तीन वेगळे रकाने करायला सांगितले की त्यांना ते पटतं, एरवी पटत नाही. एखादा फोटो दाखवून फक्त जे दिसतं तेच लिहा म्हटलं तर पहिल्या ओळीतच ‘एक रागावलेला माणूस’ येतो. रागावलेला कुठे दिसतोय? भुवया खाली आहेत, तोंड उघडं आहे, हात वर आहे. एवढंच लिही. ऊन डोळ्यावर आलं असेल त्याच्या.

यातला धोकाही सांगते, कारण मी त्यात पुरती फसले होते. कल्चर शिकवायचं म्हटलं की आपण देशांच्या याद्या करायला लागतो. रॉबर्ट कॅप्लन या भाषाशास्त्रज्ञाने 1966मध्ये कुठल्या भाषेतले लोक परिच्छेद कसा रचतात याची चित्रं काढली होती, इंग्लिशची सरळ रेघ, आशियाई भाषांची गोल गोल भोवरी, वगैरे. दिसायला झकास, म्हणून ती पन्नास वर्षं फिरली, पण त्यांनी ती परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्लिश निबंधांवरून काढली होती, त्यांच्या स्वतःच्या भाषेतल्या लिखाणावरून नव्हे. त्यावर टीका झाली आणि नंतर त्यांनी स्वतःच आपली भूमिका बरीच मवाळ केली. चित्र मात्र मवाळ झालं नाही, ते स्लाइडवर तसंच आहे. कुठल्या देशाचं कल्चर कसं याचे देशागणिक आकडे देणारे हॉफस्टेडे या संशोधकाचे ते प्रसिद्ध तक्तेही तसेच, त्यांचा मूळ डेटा आयबीएम या एकाच कंपनीच्या नोकरांचा. सरासरी म्हणून काही कळत असेलही, पण तुमच्यासमोर स्क्रीनवर सरासरी बसलेली नसते.

एकदा वर्गात मी विचारलं, मीटिंगला दहा मिनिटं उशीर झाला तर तुमच्या देशात काय समजतात? दोघं एकाच देशाचे, एकाच शहराचे, आणि त्यांची अशी जुंपली की बस! एक म्हणे काहीच नाही, दुसरी म्हणे अक्षम्य. मग उलगडलं की ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती, तिला दहा मिनिटं उशीर म्हणजे आधीच्या शिफ्टवाली अडकून पडणार. तो फ्रीलान्स डिझायनर. देश एक, पण तिचं कल्चर तिच्या वॉर्डचं होतं. एड्रियन हॉलिडे या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने 1999मध्ये ‘छोटी कल्चर्स’ म्हणून हेच मांडलंय, की देशाच्या मोठ्या खोक्यापेक्षा टीम, घर, वर्ग, ऑफिस अशा लहान लहान गटांत माणसं जी रीत घडवतात ती बघा. तेव्हापासून मी ‘तुमच्या देशात’ ऐवजी ‘तुमच्या टीममध्ये’ असं विचारते. एवढा एक शब्द बदलला आणि उत्तरं खरी यायला लागली. नाहीतर लोक आपल्या देशाचे राजदूत होऊन बोलतात, टुरिझमच्या ब्रोशरसारखं.

हां, आणि यातली परीक्षा कशी घ्यायची हे विचारू नका. मोकळेपणाला दहापैकी सहा, हे मला जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांची मला भीती वाटते.

तर तो न बोलणारा. रेकॉर्डिंग बघितल्यावर मी त्याला एकट्याला मेसेज करून माफी मागितली, चार वेळा माईक उघडलेला मला आता दिसला म्हणून. त्याचं उत्तर आलं दोन दिवसांनी, लांबलचक. त्यात असं होतं की त्याला वाटायचं मी मुद्दाम तसं करते, त्याची फजिती होऊ नये म्हणून लगेच पुढे जाते, आणि ‘तुमच्याकडे’ शिक्षक असे दयाळू असतात असं त्याने घरी बायकोलाही सांगितलं होतं. म्हणजे मी त्याच्या देशावर ढकललं होतं आणि त्याने माझ्या!

आता मी प्रश्न विचारला की मनात आकडे मोजते, सातपर्यंत. पहिले काही आठवडे भयंकर गेले, तीनच्या पुढे घाम फुटायचा, पण हळूहळू सवय झाली. तो बोलायला लागला, फार नाही, पण लागला. परवाच्या तासाला प्रश्न विचारून मी अशीच स्तब्ध बसले होते, पाच, सहा, आणि त्याचा माईक सुरू झाला. सगळे बघायला लागले.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘आय थिंक यू आर फ्रोझन. प्लीज चेक युअर इंटरनेट.’